साहसी कोण? — ‘स्त्रीपुरुषतुलने’चें परीक्षण

समाजांत स्त्रीची पायरी कोणती, हें निसर्ग ठरवितो कीं समाजानें मानलेलीं मूल्यें ठरवितात, हा प्रश्न अलीकडे मोठ्या पारिभाषिक थाटानें चर्चिला जातो. चर्चा करणारे आपल्याकडील विद्वान् प्रथम मिल्लचें नांव घेतात, मग फ्रान्समधील सिमोन द बोव्हार या विदुषीचें घेतात, आणि विषय आटोपला असें समजतात. हाच प्रश्न मराठी भाषेंत सन १८८२ मध्यें अगदीं रोखठोकपणें विचारला गेला होता, आणि विचारणारी बाई वऱ्हाडांतील बुलढाण्याची होती, याचें स्मरण वाचकांस करून देणें हा या लेखाचा एक हेतु आहे. दुसरा हेतु याहून महत्त्वाचा. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधाची स्तुति अलीकडे पुष्कळ होते, परीक्षण मात्र क्वचितच होतें. ‘पहिला स्त्रीवादी ग्रंथ’ असा शिक्का एकदां मारला म्हणजे तो ग्रंथ वाचण्याचें प्रयोजन कोणास उरत नाहीं. म्हणून ताराबाईंनीं नेमकें काय सिद्ध केलें, आणि कोठें त्या थांबल्या, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क होते, आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशीं त्यांचा संबंध होता. मुलीस त्यांनीं घरींच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. पुढें लग्न झालें तें घरजांवई आणून. मूलबाळ झालें नाहीं. सासरची सून आणि मुलांची आई हीं दोन पदें आपल्या समाजांत स्त्रीला मान मिळवून देणारीं. तीं दोन्ही ताराबाईंच्या वाट्यास रूढ रीतीनें आलीं नाहींत. मानाच्या ठरीव वाटा ज्यास मोकळ्या नसतात, त्यास त्या वाटा कोणी आंखल्या हा प्रश्न लवकर सुचतो. निबंधाचें सर्व सामर्थ्य आम्ही चरित्रावर चढवूं इच्छीत नाहीं. परंतु बाहेरून पाहणाऱ्याची जी तीक्ष्ण नजर त्यांत दिसते, तिला कांहीं कारण असावें असें म्हणणें गैर होणार नाहीं.

निबंधाचें निमित्त असें घडलें. सन १८८१ मध्यें सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात अर्भकास मारल्याचा खटला झाला. लोकापवादाच्या भीतीनें तिनें तें कृत्य केलें होतें. तिला फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. पुढें अपिलांत फांशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा कायम झाली. या खटल्यावर वर्तमानपत्रांतून वाद माजला. पुण्याच्या ‘पुणेवैभव’ पत्रांत एकंदर स्त्रीजातीच्या स्वैरपणावर टीका आली. ताराबाईंनीं लेखणी उचलली ती या टीकेला उत्तर म्हणून. निबंध पुण्यास श्रीशिवाजी छापखान्यांत छापला गेला. प्रती ५०० आणि किंमत नऊ आणे.

या निबंधाचें पूर्ण नांव ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. स्त्रिया व पुरुष यांत साहसी कोण हें स्पष्ट करून दाखविण्याकरितां हा निबंध लिहिला, असें मुखपृष्ठच सांगतें. आजच्या वाचकास ‘साहस’ हा शब्द गौरवाचा वाटेल. डोंगर चढणाऱ्यास व समुद्र ओलांडणाऱ्यास आपण साहसी म्हणतों. परंतु जुन्या शास्त्रग्रंथांत साहस म्हणजे अविचारानें केलेला अपराध, दांडगाईचें कृत्य. स्त्रीच्या अंगीं साहस उपजतच असतें, असें त्या ग्रंथांच्या आधारें म्हटलें जात असे. ताराबाईंनीं तोच शब्द उचलला आणि त्याचें माप दोघांसही लावून पाहूं असें म्हटलें. निबंधाची सारी युक्ति या एका चालींत आहे.

भर्तृहरीच्या नांवावर चालणारा स्त्रीनिंदेचा एक श्लोक त्या काळीं प्रसिद्ध होता. संशयीपणा, उद्धटपणा, अविचार, कपट अशी दोषांची माळच त्यांत स्त्रीच्या गळ्यांत घातलेली आहे. ताराबाई त्या श्लोकावर रागावून तो फेंकून देत नाहींत. वकील जसा आरोपपत्राचें एकेक कलम घेऊन उत्तर देतो, तशा त्या एकेक दोष घेतात आणि विचारतात कीं हा दोष अधिक कोणांत? कपट म्हणाल, तर गोड बोलून, वचनें देऊन एखाद्या अनाथ विधवेस नादीं लावणारा आणि प्रसंग येतांच पसार होणारा कोण? अपराध म्हणाल, तर तुरुंगांत जाऊन पाहा. तेथें गर्दी कोणाची आहे? पतिभक्ति म्हणाल, तर सावित्री नवऱ्यासाठीं यमाच्या मागें गेली. बायकोसाठीं यमाच्या दारीं गेलेला नवरा कोणी पाहिला आहे काय? पहिली बायको वारली कीं दहाव्या दिवशीं दुसरीचा विचार सुरू होतो, आणि विधवेला मात्र जन्मभर कोपऱ्यांत बसावें लागतें. मग जीव काय एकट्या पुरुषासच असतो? बायको गेल्यावर त्यानेंही मिशी काढून रानांत जाऊन कां राहूं नये?

वरवर पाहणारास हें भांडण वाटेल. तूं असा तर मी तशी, या जातीचें. कांहीं टीकाकारांनीं तें तसेंच मानलें आहे. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. स्त्रिया चांगल्या व पुरुष वाईट एवढेंच ताराबाईंस सांगावयाचें असतें, तर त्या निबंधाचें आयुष्य वर्तमानपत्री वादाइतकेंच ठरतें. त्यांनीं एक निराळी गोष्ट उघड केली. कृत्य एकच असतें. कर्ता बदलला कीं त्याचें नांव बदलतें, आणि नांवाबरोबर त्याची शिक्षाही बदलते. सुरतेच्या खटल्यांत गर्भ दोघांचा होता. न्यायासनासमोर उभी राहिली एक. याचा अर्थ असा कीं, स्त्री नीच म्हणून समाज तिला नीच मानीत आला असें नाहीं. मोजण्याचें माप आधीं ठरलें, तें एकाच पक्षानें ठरविलें, आणि मग त्या मापानें मोजून स्त्री हलकी निघाली असें जाहीर झालें.

हें म्हणणें खरें कीं खोटें याची परीक्षा आपल्या भाषेंतच करतां येते. ‘पतिव्रता’ हा शब्द घ्या. त्याचा पुल्लिंगी जोडीदार रोजच्या बोलण्यांत नाहीं. ‘एकपत्नीव्रत’ आहे खरें, पण तें रामचंद्राचें भूषण म्हणून सांगितलें जातें. म्हणजे जें स्त्रीच्या बाबतींत किमान कर्तव्य, तेंच पुरुषाच्या बाबतींत अवतारी पुरुषास शोभणारें अलौकिक व्रत. ‘रांड’ या शब्दाचा मूळ अर्थ विधवा. तोच शब्द वेश्येस लागला आणि तोच शिवी झाला. ‘विधुर’ शब्दानें आजवर कोणाचा अपमान झालेला नाहीं. लग्नपत्रिका व पत्रांचे मायने पाहिले तर बाईच्या नांवामागें ‘चि. सौ. कां.’, ‘सौ.’, ‘गं. भा.’ असे एकामागून एक टप्पे येतात, आणि कोणी पुरुष अद्याप यावयाचा आहे, जिवंत आहे, कीं गेला, हें प्रत्येक टप्पा सांगतो. पुरुषाच्या नांवामागें मिसरूड फुटल्यापासून मरेपर्यंत एकच ‘श्री.’. व्याकरण कोणाचा पक्ष घेत नाहीं असें आपण समजतों. परंतु शब्दांचा व्यवहार हा समाजाच्या मूल्यांचाच जमाखर्च आहे.

येथें दुसरा मुद्दा येतो, आणि तो पहिल्याहून खोल आहे. समाजाचीं मूल्यें स्त्रीचें वर्णन करून थांबत नाहींत. तीं तिला तसें घडवितात. मुलीला शिकवावयाचें नाहीं, घराबाहेर पडूं द्यावयाचें नाहीं, चार माणसांत बोलूं द्यावयाचें नाहीं, आणि पुढें तिला अडाणी, भित्री व संशयी म्हणावयाचें, हा न्याय ताराबाईंच्या निबंधांत वारंवार धारेवर धरलेला आहे. इंग्लंडांत जॉन स्टुअर्ट मिल्ल यानें १८६९ सालीं स्त्रियांच्या दास्यावर पुस्तक लिहिलें, त्यांत ज्याला आपण स्त्रीस्वभाव म्हणतों तो बहुतांशीं कृत्रिम रीतीनें घडविलेला असतो, असा सिद्धांत आहे. त्याच्याही आधीं, १७९२ त, मेरी वुलस्टनक्राफ्ट हिनें शिक्षणाच्या अभावावर बोट ठेवलें होतें. बोव्हारबाईंचा १९४९ मधील ग्रंथ तर पुरुष हें माप आणि स्त्री ही त्या मापाहून ‘इतर’, या सूत्रावरच रचलेला आहे. ताराबाई या ओळीला बसवावयास आम्ही अधीर नाहीं. त्यांची विचाराची वाट स्वतंत्र होती, आणि तिचा उगम तत्त्वचर्चेंत नसून फांशीच्या शिक्षेंत होता. तथापि वाटा निराळ्या असून मुक्काम जवळजवळ एक निघावा, हें त्या मुक्कामाच्या खरेपणाचें एक गमक मानतां येईल.

त्याच १८८२ सालीं पुण्यास पंडिता रमाबाईंचें ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झालें. दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचलीं म्हणजे ताराबाईंचें वैशिष्ट्य ठळक दिसतें. रमाबाई स्त्रियांशीं बोलतात. आपली उन्नति आपण करावी, विद्या मिळवावी, उद्योगी व्हावें असा त्यांचा उपदेश. ताराबाई पुरुषांकडे तोंड करून उभ्या राहतात आणि जाब विचारतात. सुधारकांसही त्या सोडीत नाहींत. सभेंत टाळ्या घेणारा आणि घरीं आल्यावर जुन्याच रीतीनें वागणारा गृहस्थ त्यांच्या तडाख्यांतून सुटत नाहीं. त्या युगांतील बहुतेक सुधारणेचा ओघ स्त्रीला सुधारण्याकडे होता. सुधारण्याची गरज मोजणारालाच आहे, ही दिशा प्रथम या निबंधानें दाखविली.

भाषेविषयीं दोन शब्द लिहिणें जरूर आहे, कारण मूल्यांचा प्रश्न तेथेंही येतो. ज्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ पासून ‘निबंधमाला’ चालवून मराठी गद्यास प्रौढ, बांधेसूद वळण दिलें, ते १८८२ च्या मार्चांत वारले. त्याच वर्षीचें ताराबाईंचें गद्य त्या वळणाशीं फटकून आहे. वाक्यें लांबच लांब, एकांतून दुसरें निघणारीं. मध्येंच म्हण, मध्येंच टोमणा, मध्येंच उघड शिवीगाळ. पाणवठ्यावर, ओसरीवर, जात्याशीं बायका जशा बोलतात तसा त्याचा सूर. कठोर भाषेबद्दल त्या आरंभींच क्षमा मागतात, आणि आपण घरांतच कोंडलेली अबला आहों असें सांगतात. ती क्षमायाचना आम्ही शब्दशः घेत नाहीं. पुढच्या पानांवर त्या तशी यत्किंचितही भीड ठेवीत नाहींत. परंतु येथें दोषही दिसतो तो लपविण्यांत अर्थ नाहीं. पुनरुक्ति पुष्कळ आहे, प्रतिपादनाचा क्रम मध्यें मध्यें सुटतो, आणि कांहीं ठिकाणीं रागाच्या भरांत पुराव्याची जागा विशेषणें घेतात. उत्तम निबंधाची शिस्त त्यांत नाहीं. उत्तम साक्षीचा जिवंतपणा आहे. मराठी समीक्षेनें निबंधाची व्याख्या ‘निबंधमाले’वरून बांधली आणि मग हें पुस्तक त्या व्याख्येंत बसेना, हेंही आधीं माप आणि मागाहून मोजणी या चालीचेंच उदाहरण होय.

आतां ताराबाई कोठें थांबल्या तें पाहूं. त्यांनीं पातिव्रत्याचें माप नाकारलें नाहीं. तेंच माप पुरुषास लावा, एवढीच त्यांची मागणी. नवरा देव असेल तर त्यानें देवासारखें वागावें, असें त्या म्हणतात. नवऱ्यास देव कां मानावें, हा प्रश्न त्या सूचित करतात पण शेवटास नेत नाहींत. वेश्यांविषयीं त्या जें लिहितात त्यांत सहानुभूतीचा लेश नाहीं. विजयालक्ष्मीला जो न्याय त्यांनीं दिला, तो बाजारांत बसलेल्या स्त्रीस दिला नाहीं. वास्तविक दोघींना तेथवर लोटणारा हात एकच. मालमत्ता व स्वतःची कमाई या विषयांनाही निबंधांत मध्यवर्ती स्थान नाहीं. सन १८५६ च्या कायद्यानें हिंदु विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली, परंतु पुनर्विवाह करतांच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील तिचा हक्क काढून घेतला. एका हातानें देणें आणि दुसऱ्या हातानें घेणें याचें यापेक्षां चांगलें उदाहरण सांपडणार नाहीं. दोघांस एक माप लावा असें म्हणणारानें हें कलम धरून ठेवावयास हवें होतें.

यावर कोणी म्हणेल कीं, माप तेंच ठेवून तें सर्वांस लावणें ही अर्धीच क्रांति. आम्हांस तें पूर्णपणें मान्य नाहीं. एखादें मूल्य एकाच पक्षासाठीं निर्माण झालेलें असतें, तेव्हां तें दुसऱ्या पक्षास लावतांच त्याचा फोलपणा उघडा पडतो. विधुरानें मिशी काढून रानांत राहावें, हें वाक्य ऐकतांच पुरुष वाचक हंसतो; आणि ज्या क्षणीं तो हंसतो त्या क्षणीं विधवेच्या केशवपनाची रूढि क्रूर होती हें त्यानें कबूल केलेलें असतें. नाकारण्यानें जें साधत नाहीं, तें कधीं कधीं सरसकट लावण्यानें साधतें. परंतु ही युक्ति नाशाची आहे, रचनेची नव्हे. जुनें माप मोडल्यावर नवें कोणतें घ्यावें, हें ताराबाईंनीं सांगितलें नाहीं. तें काम पुढील पिढ्यांवर पडलें, आणि तें अजून पुरें झालेलें नाहीं.

निबंध निघाल्यावर काय झालें? टीका झाली, ती करणारांत सत्यशोधक वर्तुळांतील मंडळीही होती. जोतीराव फुल्यांनीं १८८५ मध्यें ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत ताराबाईंची बाजू घेतली, आणि आपल्या सहकाऱ्यांसही बोल लावला. ज्यानें १८६३ त पुण्यास बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें, त्यास विजयालक्ष्मीच्या खटल्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. परंतु ताराबाईंच्या हातून त्यानंतर दुसरें पुस्तक झालें नाहीं. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. निबंध विस्मृतींत गेला. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तो पुनः संपादून प्रसिद्ध केला, तोंवर ९३ वर्षें लोटलीं होतीं. १९९४ त रोझलिंड ओ’हॅन्लन यांनीं इंग्रजी भाषांतर केल्यावर परदेशांतही त्याची चर्चा सुरू झाली. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं या मधल्या काळांत शेंकडों किरकोळ पुस्तकांची दखल घेतली आहे. दखल घेणें आणि न घेणें हेंही मूल्यमापनच असतें, आणि त्याचा निकाल पुस्तकाइतकाच पुस्तक लिहिणारीच्या जातीवर, गांवावर व लिंगावर लागतो.

निबंधांतला प्रश्न आतां इतिहासजमा झाला, असें समजणारांसाठीं दोन गोष्टी नमूद करतों. सन १८६० च्या दंडसंहितेंतील व्यभिचाराचें कलम परस्त्रीशीं संबंध ठेवणाऱ्या पुरुषास शिक्षा सांगे. परंतु त्या स्त्रीच्या नवऱ्याची संमति असेल तर अपराधच होत नसे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें दुखावला जाई तो नवऱ्याचा हक्क. हें कलम सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविलें तें २०१८ त. दुसरी गोष्ट कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवची. तेथील ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें ठराव केला कीं, नवरा वारल्यावर बाईचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र व जोडवीं काढणें या प्रथा गांवांत बंद व्हाव्या. ठरावाचें सर्वांनीं कौतुक केलें, आम्हीही करतों. परंतु ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाल्यास तेव्हां १४० वर्षें झालीं होतीं, आणि ठरावाची गरज अजून उरली होती.

शेवटीं ताराबाईंच्या स्वतःच्या जिल्ह्याकडे वळूं. बुलढाणा जिल्ह्याचें नांव महाराष्ट्रांत आदरानें घेतलें जातें तें विशेषेंकरून सिंदखेड राजामुळें. लखुजी जाधवांचा वाडा व जिजाऊंचें जन्मस्थान तेथें आहे, आणि दर वर्षीं १२ जानेवारीस लोकांची रीघ लागते. या आदराविषयीं आमचें कांहींच म्हणणें नाहीं. जिजाऊ त्या आदरास सर्वथा पात्र आहेत. परंतु समाज स्त्रीचा गौरव कोणत्या नात्यानें करतो, हें यावरून पाहण्यासारखें आहे. वीरमाता म्हणून तो तिला मस्तकीं धरतो. मुलगी म्हणून मात्र तिचा हिशेब निराळा होतो. शून्य ते सहा वर्षांच्या वयोगटांत दर हजार मुलांमागें मुली किती, हा आंकडा महाराष्ट्रांत २००१ च्या जनगणनेंत ९१३ होता आणि २०११ त तो ८९४ वर आला. बुलढाणा जिल्ह्याचा आंकडा या सरासरीच्याही खालीं होता. आईचें मोल आणि मुलीचें मोल हीं दोन भिन्न मापांनीं मोजलीं जातात. पुत्रामुळें आईस मान, ही ज्या मूल्याची एक बाजू, त्याचीच दुसरी बाजू मुलीचा नकार ही होय.

एका कचेरींतल्या हेडक्लार्कानें त्याच बुलढाण्यांत आपल्या मुलीच्या हातीं लेखणी दिली, आणि तिनें कोणाची आई म्हणून नव्हे, कोणाची पत्नी म्हणूनही नव्हे, तर आपल्या बुद्धीच्या बळावर साऱ्या समाजाचा हिशेब तपासला. त्या हिशेबांत चुका आहेत, कांहीं रकमा राहून गेल्या आहेत, हें आम्हीं वर दाखविलें आहे. परंतु वहीवर दोन निरनिराळे तराजू वापरल्याची नोंद तिनें केली ती बिनचूक आहे. साहसी कोण, या तिच्या प्रश्नाचें जुन्या अर्थानें जें उत्तर द्यावयाचें तें वाचकांनीं आपल्या मनाशीं द्यावें. नव्या अर्थानें उत्तर द्यावयाचें झाल्यास तें पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच छापलेलें आहे.